‘रक्तस्नेही’, पण किती दिवस?

कृत्रिम रक्तवाहिन्यांच्या जगात ६ मिलिमीटर ही एक सीमारेषा आहे. नळी त्याहून रुंद असेल, तर पॉलिएस्टरचा विणलेला ग्राफ्ट, म्हणजे धमनीच्या जागी शिवायची नळी, महाधमनीच्या जागी बसवता येतो आणि तो माणसाला वर्षानुवर्षं साथ देतो. नळी त्याहून अरुंद हवी असेल, म्हणजे पोटरीतल्या धमनीसाठी, तर शल्यविशारद आजही आधी रुग्णाच्या पायातली शीर चाचपून बघतात. ती चांगली असेल तर तीच काढून लावतात. ती आधीच वापरली गेली असेल, फुगलेली असेल, आखडलेली असेल, तरच कारखान्यात बनलेल्या नळीकडे वळतात. या दोन्हींची तुलना करणारी, अनेक रुग्णालयांत मिळून सहा वर्षं चाललेली एक चाचणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. पोटरीतल्या बारीक धमन्यांपर्यंत नेलेल्या बायपासमध्ये, चार वर्षांनंतर, स्वतःच्या शिरेचे सुमारे ४९ टक्के ग्राफ्ट वाहते होते. पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकच्या, नळीचे १२ टक्के.

त्यानंतरच्या चार दशकांत या नळीच्या आतल्या पृष्ठभागावर माणसाने काय काय चढवलं याची यादी थक्क करणारी आहे. हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध, कार्बन, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, पाणी धरून ठेवणारे पॉलिमर, पेशींच्या आवरणाची नक्कल करणारे रेणू, पेशींना बोलावणारी पेप्टाइडं, नायट्रिक ऑक्साइड सोडणारे थर. प्रत्येक नव्या लेपाच्या शोधनिबंधात एक शब्द हमखास येतो: रक्तस्नेही, म्हणजे रक्ताला न खुपणारा, गुठळी न धरू देणारा. आणि तरीही शल्यविशारदाचा हात आधी पायातल्या शिरेकडेच जातो.

मला वाटतं, दुखणं लेपांत जितकं आहे त्याहून जास्त या शब्दात आहे. ‘रक्तस्नेही’ हा आपण पदार्थाचा गुण मानतो, जसा रंग किंवा घनता. तो तसा गुण नाही. तो एक पृष्ठभाग, एक प्रवाह आणि एका माणसाचं रक्त यांच्यातला काळानुसार बदलणारा व्यवहार आहे. म्हणून हा शब्द वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: किती दिवस, कोणत्या प्रवाहात आणि कशाच्या तुलनेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाला आणि उपकरणांना परवाना देणाऱ्या यंत्रणांना ही अट घालणं आता टाळता येणार नाही, असं माझं मत आहे.

आधी ६ मिलिमीटरचं कोडं. त्याचं एक कारण निव्वळ भूमितीचं आहे. कृत्रिम नळीच्या आत कालांतराने फायब्रिनचा, म्हणजे गुठळीतल्या धाग्यांचा, आणि पेशींचा थर चढतोच. समजा तो १ मिलिमीटर जाडीचा झाला. २० मिलिमीटरच्या नळीत मग १८ मिलिमीटर वाट उरते आणि प्रवाहाला होणारा विरोध साधारण दीडपट होतो. त्या व्यासाच्या नळीत एरवी विरोध इतका कमी असतो की शरीराला हे जाणवतही नाही. तोच थर ४ मिलिमीटरच्या नळीत चढला, तर वाट २ मिलिमीटर उरते आणि विरोध सोळापट होतो, कारण व्यास निम्मा झाला की विरोध दोनाच्या चौथ्या घाताने वाढतो. प्रवाह मंदावतो, मंद प्रवाहात गुठळी धरायला उसंत मिळते, गुठळीने वाट आणखी अरुंद होते. एकदा हे चक्र सुरू झालं की नळी कधीकधी काही तासांत बंद पडते. थोडक्यात, महाधमनीत जो पृष्ठभाग खपून जातो तो पोटरीत खपत नाही. पदार्थ तोच, रक्तही त्याच माणसाचं. मग तो रक्तस्नेही म्हणायचा की नाही?

या क्षेत्राचा जन्मच एका फसव्या आशेतून झाला, आणि ती आशा समजून घेण्यासारखी आहे. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्होरीस या तरुण शल्यविशारदाला एका कुत्र्याच्या हृदयात मागे राहिलेला रेशमी टाका दिसला. काही महिन्यांत त्या धाग्यावर गुळगुळीत, चकचकीत अस्तर चढलं होतं. धाग्यावर चढतं, तर कापडावर का चढणार नाही? त्यांनी व्हिन्यॉन-एन या कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या नळ्या शिवल्या, कुत्र्यांच्या महाधमनीत बसवल्या आणि १९५२ साली त्याचे निकाल जाहीर केले. त्याच दशकात मायकेल डीबेकी यांनी डेक्रॉन या पॉलिएस्टरचं कापड घरच्या शिलाई यंत्रावर शिवून नळ्या तयार केल्या. पुढे डेक्रॉनने लाखो माणसांचे प्राण वाचवले, यात शंका नाही. पण मूळ निरीक्षण कुत्र्यातलं होतं. कुत्र्यात, डुकरात, वानरात ग्राफ्टच्या आत हे जिवंत अस्तर बऱ्यापैकी झपाट्याने पसरतं. माणसात ते जोडाच्या टाक्यांपासून साधारण एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकतं आणि थांबतं. वर्षं गेली तरी नळीचा मधला भाग उघडाच राहतो, फायब्रिनच्या आवरणाखाली. प्राण्यांतला निकाल माणसाला लावताना ही एक गोष्ट विसरली, तर बाकी सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. ती वारंवार विसरली गेली आहे.

हे जिवंत अस्तर म्हणजे एंडोथेलियम. धमनीच्या आतला पेशींचा एकच थर, जाडी इतकी कमी की नुसत्या डोळ्यांना ती फक्त चमक म्हणून दिसते. पण तो थर क्षणभरही स्वस्थ नसतो. त्याच्या अंगावर हेपारिनचं भावंड असलेल्या हेपारन सल्फेटची लव असते. तो नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेट्सना शांत ठेवतो. थ्रॉम्बिन जवळ आलं की थ्रॉम्बोमोड्युलिन त्याला पकडतं आणि गोठवणाऱ्या त्या एन्झाइमला गोठणं थांबवण्याच्या कामाला जुंपतं. चुकून फायब्रिन साचलंच, तर ते विरघळवणारा घटकही हाच थर स्रवतो. वेगवेगळ्या वाटांनी, एकाच वेळी, आयुष्यभर. याच्या समोर आपण एक निर्जीव पृष्ठभाग ठेवतो, त्यावर एक रसायन चढवतो आणि म्हणतो की आता रक्ताने गप्प बसावं.

रक्त गप्प बसत नाही. ते पृष्ठभागाला शिवतं तेव्हा सगळ्यात आधी पेशी नव्हे, प्रथिनं येऊन चिकटतात, सेकंदभराच्या आत. लिओ व्ह्रोमन हे डच भाषेतले मान्यवर कवी आणि रक्तशास्त्रज्ञही. काच असो वा प्लास्टिक, पाणी धरणारा पृष्ठभाग असो वा पाणी झटकणारा, प्रथिनांचा थर चढला की त्याचा मूळ स्वभावच बदलतो, हे त्यांनी १९६२ साली दाखवलं. पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. आधी रक्तात भरपूर असलेली, चपळ प्रथिनं जागा पकडतात. मग कमी संख्येची पण पृष्ठभागाशी घट्ट नातं जोडणारी प्रथिनं येतात आणि आधीच्यांना हुसकावून लावतात. ज्याच्यापासून फायब्रिन बनतं ते फायब्रिनोजेन येतं आणि काही मिनिटांत काही पृष्ठभागांवरून उठूनही जातं. त्याच्या जागी जड किनिनोजेन हे दुसरं प्रथिन बसतं. म्हणजे प्लेटलेट जेव्हा पृष्ठभागापाशी पोचते, तेव्हा तिला आपला महागडा लेप दिसतच नाही. तिला दिसतो त्या लेपावर बसलेल्या प्रथिनांचा मेळावा, आणि तोही दर मिनिटाला बदलणारा. त्या मेळाव्यात फायब्रिनोजेन कसं बसलंय, मूळ घडीत की उलगडून, यावर प्लेटलेट चिकटणार की वाहून जाणार हे ठरतं. दुसऱ्या बाजूला रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी बारावा घटक ऋण प्रभाराच्या पृष्ठभागावर जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू करतो. तिसऱ्या बाजूला काँप्लिमेंट ही शरीराची जुनी संरक्षक यंत्रणा परक्याला ओळखते आणि पांढऱ्या पेशींना हाक मारते. एक दार बंद करावं तर दुसरं उघडं राहतं.

म्हणूनच मला या क्षेत्रातला लेपांचा इतिहास हा सिद्धांतांचा इतिहास वाटतो. प्रत्येक लेपामागे ‘रक्ताला मुळात काय खुपतं’ याचं एक उत्तर गृहीत धरलेलं होतं. कुणी म्हणालं प्रभार खुपतो, कुणी म्हणालं पृष्ठताण. कार्बनचा पक्ष घेणाऱ्यांना हृदयाच्या झडपांत यश मिळालं, कारण पायरोलिटिक कार्बन टिकाऊ आणि बऱ्यापैकी शांत आहे. पण त्या झडपा बसवलेल्या माणसांना रक्त पातळ ठेवणारं औषध जन्मभर घ्यावंच लागतं. कार्बन लावलेल्या पीटीएफई नळ्यांची साध्या नळ्यांशी थेट तुलना झाली तेव्हा ठळक फरक दिसला नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पक्षाने सांगितलं, पाण्याची दाट झालर लावा म्हणजे प्रथिनं बसणारच नाहीत. प्रयोगशाळेत ती बसत नाहीत. शरीरात मात्र ऑक्सिडीकरणाने ही झालर विरत जाते. जपानमध्ये नाकाबायाशी आणि इशिहारा यांनी तांबड्या पेशींच्या बाह्य आवरणातल्या फॉस्फोरिलकोलिनची नक्कल करणारा एमपीसी पॉलिमर विकसित केला. मला स्वतःला ही दिशा सगळ्यात सुंदर वाटते, कारण तिच्यात रक्ताला फसवण्यापेक्षा रक्ताचीच भाषा बोलण्याचा प्रयत्न आहे.

हेपारिनची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण तिच्यात या लेखाचा बराचसा युक्तिवाद सामावलेला आहे. १९६३ साली व्हिन्सेंट गॉट आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटवर बेंझाल्कोनियम या रसायनाच्या साहाय्याने हेपारिन बसवून दाखवलं. कल्पना सरळ होती: गुठळी रोखणारं औषध रक्तात घालण्याऐवजी भिंतीवरच लावावं. पण ते प्रभाराच्या आकर्षणाने धरलेलं होतं, हळूहळू सुटून रक्तात जाई. मग संशोधकांनी ते रासायनिक बंधांनी घट्ट जखडलं, तर ते काम करेनासं झालं. हेपारिनच्या साखळीत पाच शर्करांचा एक विशिष्ट तुकडा असतो, तो अँटिथ्रॉम्बिन या, गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला धरतो आणि तिथूनच सगळा परिणाम होतो. हा तुकडा साधारण एकतृतीयांश साखळ्यांतच असतो. साखळी अनेक ठिकाणी चिकटवली की हा तुकडा भिंतीला दबून जातो. १९८०च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी साखळीचं फक्त एक टोक भिंतीला बांधलं आणि बाकीची साखळी प्रवाहात मोकळी सोडली. लेपात हेपारिन किती आहे यापेक्षा ते कोणत्या अवस्थेत आहे हे महत्त्वाचं, ही गोष्ट तिथे पक्की झाली.

अशी हेपारिन जोडलेली पीटीएफई नळी आणि साधी पीटीएफई नळी यांची तुलना स्कँडिनेव्हियातल्या रुग्णालयांनी यादृच्छिक पद्धतीने केली. निकाल २०११ साली आले. एका वर्षानंतर हेपारिनवाल्या सुमारे ८६ टक्के नळ्या वाहत्या होत्या, साध्या सुमारे ८० टक्के. हा फरक बघून कुणी निराश होईल. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे. त्यात ‘किती दिवस’चं उत्तर आहे, ‘कशाच्या तुलनेत’चं उत्तर आहे आणि माणसांच्या पायातला प्रवाह आहे. शंभरातले सहा पाय ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण प्रयोगशाळेतल्या निबंधांत ज्या भाषेत नव्या लेपांचं वर्णन होतं, त्या भाषेत आणि या सहा टक्क्यांत केवढं अंतर आहे ते बघा.

हे अंतर पडतं कुठून? मुख्यतः आपण रक्ताला प्रश्न कसा विचारतो तिथून. बहुतेक नव्या लेपांची पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, परीक्षा अशी असते: लेपाचा छोटा तुकडा वाटीत ठेवायचा, त्यावर प्लेटलेट्सनी समृद्ध केलेला रक्तद्रव ओतायचा, तासभर ३७ अंशांवर ठेवायचा, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चिकटलेल्या प्लेटलेट्स मोजायच्या. जोडीला तांबड्या पेशी किती फुटल्या ते बघायचं. प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असेल तर पदार्थ निर्दोष. यातली दुसरी चाचणी लेप नसलेली मूळ नळीसुद्धा सहज उत्तीर्ण होते. पहिलीत रक्त स्थिर आहे, तर धमनीत ते क्षणभरही स्थिर नसतं. शिवाय ते रक्त सायट्रेट घालून काढलेलं असतं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. ज्या रक्ताचे हात आधीच बांधलेत, त्याने पृष्ठभागाला काही केलं नाही, हा पुरावा म्हणून कितपत धरायचा? आणि ते रक्त बहुधा कुणा निरोगी तरुण स्वयंसेवकाचं असतं. ज्याच्या पायात हा ग्राफ्ट जायचा आहे तो बहुतेकदा उतारवयातला, मधुमेही, वर्षानुवर्षं धूम्रपान केलेला माणूस असतो; त्याच्या प्लेटलेट्स आधीच चिडलेल्या असतात.

यात आंतरराष्ट्रीय मानकाला दोष देता येत नाही. रक्ताशी येणाऱ्या संबंधांच्या चाचण्यांचं मानक, आयएसओ १०९९३चा चौथा भाग, चाचणीची परिस्थिती प्रत्यक्ष वापराशी मिळतीजुळती असावी असंच सांगतो. पण मानकाच्या चौकटीतला सोपा कोपरा निवडणं कुणाला नाकारता येत नाही. निबंध लवकर हवा असतो, अनुदानाची मुदत संपत असते, विद्यार्थ्याची पदवी अडलेली असते. मी त्यांना नावं ठेवत नाही. ही माणसं कष्टाळू आणि प्रामाणिक आहेत. पण ज्या व्यवस्थेत एका तासाच्या चाचणीला आणि एका वर्षाच्या चाचणीला शीर्षकात एकच विशेषण मिळतं, तिथे कोण वर्षभर थांबेल?

एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी मान्य करते. प्रत्येक उपकरणाला वर्षांचा हिशोब लावायची गरज नाही. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुस यंत्रातून रक्त काही तास फिरतं. त्या नळ्यांसाठी आणि रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरसाठी पहिले तास हेच सर्वस्व आहे. तिथे हेपारिनच्या आणि इतर लेपांनी खरा फायदा दिलाय. शिरेत चार दिवस राहणाऱ्या कॅथेटरचा प्रश्न चार दिवसांचाच आहे. मी म्हणते ते एवढंच की मुदत नावातच यावी. ‘सहा तासांच्या अभिसरणासाठी रक्तस्नेही’ हे स्वच्छ विधान आहे, त्यावर कुणी भरवसा ठेवू शकतो. नुसतं ‘रक्तस्नेही’ म्हटलं की तासांसाठी मिळवलेली पुण्याई वर्षांच्या खात्यावर जमा होते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दीर्घ चाचण्या महाग असतात, लहान प्रयोगशाळांना परवडत नाहीत, अशा अटींनी नवे विचार मारले जातील. पण मी सगळ्यांना वर्षभराची चाचणी करा म्हणत नाही. वाहतं मानवी रक्त, अगदी कमी हेपारिन घातलेलं, नळीच्या कड्यात काही तास फिरवण्याच्या पद्धती अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत आणि त्या अवाढव्य खर्चाच्या नाहीत. मधुमेही दात्यांचं रक्त संमतीने मिळवता येतं. आणि तुलना तर जवळपास फुकट आहे: प्रत्येक नव्या लेपाच्या शेजारी बाजारात आधीच असलेली हेपारिनवाली नळी ठेवा. आज तुलना बहुधा लेप नसलेल्या उघड्या पॉलिमरशी होते. त्याच्यापेक्षा सरस ठरणं फारसं अवघड नसतं.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, आठवण आहे, आणि ती लेप बनवणाऱ्यांपेक्षा शल्यविशारदांना जास्त ठाऊक असते. सगळं खापर पृष्ठभागावर फोडता येत नाही. नळी ताठ असते, धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते. जिथे दोघी शिवल्या जातात तिथे प्रवाह भोवरे घेतो, भिंतीवर अनोळखी ताण येतो, आणि धमनीच्या स्नायुपेशी वाढून आतली वाट बुजवू लागतात. पहिल्या महिन्यात बंद पडणारे ग्राफ्ट पुष्कळदा तांत्रिक चुकीने किंवा पुढच्या धमन्या खराब असल्याने जातात. त्यानंतर साधारण दोन वर्षांपर्यंत जोडापाशी वाढणाऱ्या या पेशींचा वाटा मोठा. त्याहीनंतर मूळ आजारच पुढे सरकतो. यातल्या मधल्या टप्प्यावर हेपारिनचा थोडाफार परिणाम होतो असं मानायला जागा आहे, पण तासाभराच्या प्लेटलेट चाचणीचा या टप्प्याशी काडीचाही संबंध नाही. ज्या कारणाने ग्राफ्ट मरतो ते कारण चाचणीत हजरच नसतं.

पहिला तास आणि पुढची वर्षं एकमेकांच्या विरोधातही जाऊ शकतात, हे आपण स्टेंटच्या बाबतीत पाहिलंय. २००२-०३च्या सुमारास औषध सोडणारे स्टेंट आले. धातूच्या जाळीवरचा पॉलिमरचा लेप औषध सोडायचा, त्याने पेशींची वाढ रोखली जायची आणि वाट पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण घसरायचं. निकाल झळझळीत होते. मग २००६च्या सुमारास, स्टेंट बसवून वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर अचानक गुठळी होण्याचे प्रकार चर्चेत आले. मरण पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनातून मिळालेल्या स्टेंटनी कारण दाखवलं: औषधाने नको असलेल्या पेशींबरोबर हवं असलेलं अस्तरही रोखलं होतं, काही ठिकाणी जाळीच्या काड्या उघड्याच राहिल्या होत्या, काही ठिकाणी पॉलिमरभोवती दाह होता. त्यातून शिकून पुढच्या पिढीचे स्टेंट बनले. काड्या बारीक झाल्या, लेप बदलले आणि हे प्रमाण खाली आलं. ती सुधारणा शक्य झाली, कारण कुणीतरी अयशस्वी स्टेंट कचऱ्यात न टाकता कापून पाहिला.

ग्राफ्टच्या बाबतीत हे फारच थोड्या ठिकाणी होतं. बंद पडलेली नळी काढली जाते किंवा तिथेच सोडून शेजारून नवी वाट काढली जाते. काढलेली नळी ट्रेमध्ये पडते, तिथून जैविक कचऱ्याच्या पिशवीत. तिच्यात मात्र सगळं लिहिलेलं असतं: गुठळी कुठे सुरू झाली, लेप उरला होता का, अस्तर किती पुढे आलं होतं, जोडापाशी पेशी किती जाड झाल्या होत्या, जंतुसंसर्ग होता का. माझी ठाम मागणी आहे की नव्या पृष्ठभागाच्या ग्राफ्टला परवाना देताना, रुग्णाच्या संमतीने, काढलेल्या प्रत्येक ग्राफ्टची तपासणी आणि नोंद ही अट असावी. त्या नोंदी उघड असाव्यात, कंपनीच्या कपाटात नव्हेत. अयशस्वी लेपांचे निकाल छापणाऱ्या गटांना सार्वजनिक अनुदानात तितकाच मान मिळावा. नाहीतर जो लेप एका गटाने टाकून दिला तोच पाच वर्षांनी दुसरा गट नव्या उत्साहाने शोधून काढतो.

मग पृष्ठभागाचा नाद सोडून थेट जिवंत नळ्याच का वाढवू नयेत, असं काहीजण विचारतात. त्याची वाटही लहान नाही. १९७८ साली माल्कम हेरिंग यांनी ग्राफ्टवर रुग्णाच्याच एंडोथेलियमच्या पेशी पेरण्याचा प्रयोग मांडला. पुढे व्हिएन्नामधल्या गटाने रुग्णाच्या शिरेतून पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, नळीच्या आत पूर्ण अस्तर तयार करून मग ती बसवली आणि अनेक वर्षांचे चांगले निकाल दाखवले. कृत्रिम नळीवर काय साध्य होऊ शकतं याचा माझ्या दृष्टीने हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. पण पेशी वाढायला आठवडे लागतात, आणि काळानिळा पडत चाललेला पाय आठवडे थांबत नाही. पेशींना रक्तातूनच पकडून आणणारे प्रतिपिंडांचे लेप स्टेंटवर वापरून पाहिले गेले. जितकी आशा होती तितका फायदा दिसला नाही. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, मानवी पेशींकडून विणून घेतलेल्या आणि नंतर पेशी धुऊन काढलेल्या एका नळीला मान्यता दिली, हातापायांच्या धमनीला इजा झालेल्या आणि स्वतःची शीर वापरता न येणाऱ्या प्रौढांसाठी. मान्यतेसोबत नळी फाटून रक्तस्राव होऊ शकतो असा ठळक इशाराही आहे. मला त्या इशाऱ्यात कमीपणा दिसत नाही. कोणासाठी, कुठे आणि कोणत्या जोखमीसह, हे तिथे नावासोबतच छापलं आहे. लेपांकडून मी नेमकं हेच मागते आहे.

पृष्ठभागात बदल करण्याचं शास्त्र निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्याचं एक जुनं, साधं यश आपण विसरतो. डेक्रॉनच्या विणीतून रक्त झिरपायचं, म्हणून शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्याच रक्तात नळी भिजवून तिची छिद्रं गुठळीने बुजवावी लागत. नंतर जिलेटिन किंवा कोलॅजनचा लेप आला; नळी पाकिटातून काढायची आणि शिवायची. लेप काही आठवड्यांत शरीर पचवून टाकतं, तोवर तिथे ऊतक आलेलं असतं. या लेपाने कधी ‘रक्तस्नेही’ असल्याचा दावा केला नाही. त्याला एक काम होतं, ते किती दिवस करायचं हे ठाऊक होतं आणि नंतर जागा कुणाला द्यायची हेही. पुढच्या लेपांनीही असंच असावं असं मला वाटतं: पहिले दिवस हेपारिनसारख्या कशाने तरी गोठणं थोपवायचं, मग पेशींना पाय रोवायला जागा द्यायची, आणि अस्तर आलं की बाजूला व्हायचं. एकाच थराने कायम सगळ्यांना दूर ठेवायचं म्हटलं, तर ज्यांना जवळ बोलवायचं आहे त्यांनाही तो दूरच ठेवतो.

आणि रुग्णाला काय सांगायचं? संमतीपत्रावर सही घेताना ‘आतून औषधाचा लेप असलेली आधुनिक नळी’ एवढं सांगणं पुरेसं नाही. शीर चांगली असेल तर शीर का बरी, नसेल तर ही नळी एका वर्षाने शंभरातल्या किती जणांची चालू असते, ती बंद पडली तर काय करता येतं, आणि ती काढावी लागली तर तपासणीसाठी देण्याची तुमची तयारी आहे का. शेवटचा प्रश्न आज जवळपास कुणी विचारत नाही. विचारला तर फारसे लोक नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

काढलेली नळी उभी चिरून उघडली की टाक्यांच्या ओळीपासून आत काही अंतरापर्यंत भिंत ओलसर, मोत्यासारखी चमकते. तिथे माणसाचं स्वतःचं अस्तर पोचलेलं असतं. त्याच्या पुढे रंग मातकट होतो. तिथून नळीच्या दुसऱ्या टोकाकडून आलेल्या अस्तरापर्यंतचं ते निस्तेज अंतर पट्टी लावून मोजता येतं, लिहून ठेवता येतं आणि पुढच्या नळीशी ताडून बघता येतं.